‘बोर्डिंग’ या शब्दातलं ताट

‘राहण्या-जेवणाची सोय’ हे शब्द आपण एका दमात म्हणतो, जणू ती एकच वस्तू आहे. आपल्या उचगावजवळच्या पुणे-बेंगळुरू हायवेवर त्याचंच ‘लॉजिंग-बोर्डिंग’ होतं. यातलं लॉजिंग म्हणजे मुक्काम, बोर्डिंग म्हणजे जेवण. ‘बोर्ड’ म्हणजे मुळात फळी. पुढे जेवणाचं टेबल, आणि मग त्यावरचं अन्न. कोल्हापुरात मात्र ‘पोरगं बोर्डिंगात हाय’ म्हटलं, की ते तिथं राहतं असंच आपण समजतो.

भाषाशुद्धीचे आग्रही म्हणतात, ‘वसतिगृह’ म्हणा. शब्द चांगला आहे. पण आमची हरकत अशी, की त्यात वसती उरते आणि ताट गळून पडतं. कोल्हापूरच्या इतिहासात तर प्रश्न ताटाचाही होता.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. दार सगळ्यांना उघडं, तरी ते लवकरच एका जातीचं होऊन बसलं. म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं झाली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ‘यानं जातीच पक्क्या झाल्या’ ही टीका आपण ऐकतो. आम्हाला ती अपुरी वाटते. समाजाची पंगत फुटलेली होती. ती जुळेपर्यंत पोरांनी शिकायचं थांबायचं काय?

पंगत जुळवण्याचं काम साताऱ्यात पुढे गेलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथं वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. त्याला नाव मिळालं शाहू बोर्डिंग. ‘बोर्डिंग’ हा शब्द तिथं मूळ अर्थानं सार्थ झाला: सगळ्यांचं एक ताटवाढप.

आज हे संपलं म्हणावं, तर खोली भाड्यानं देताना घरमालक आडनाव विचारतो, मग हळूच म्हणतो, ‘मटण-मासे चालणार नाहीत हं.’ म्हणजे राहण्याची परवानगी अजून ताट बघूनच मिळते. ‘सोय’ हा मऊ शब्द ही अट झाकतो. म्हणून यापुढं ‘राहण्या-जेवणाची सोय आहे’ असं ऐकलं, की एवढंच विचारायचं: कुणाची?