बिजवराचे दुःख : ‘उंच माझा झोका’तील महादेवराव

पत्नी निवर्तलेल्या पुरुषाला मराठीत दोन नावे आहेत. एक ‘विधुर’, दुसरे ‘बिजवर’. पहिला शब्द संस्कृतातून आलेला, ग्रंथात शोभणारा. त्याच्या मुळाशी वियोगाचा, उणेपणाचा अर्थ आहे. दुसरा शब्द घरगुती, बैठकीत आणि माजघरात वावरणारा. त्याचा अर्थ दुसरेपणाचा वर, म्हणजे ज्याचे पुन्हा लग्न व्हावयाचे आहे किंवा झाले आहे असा पुरुष. पत्नी गेलेल्या पुरुषाकडे आपल्या समाजाने कोणत्या दृष्टीने पाहिले, हे या दोन शब्दांपैकी कोणता अधिक रुळला यावरून सहज कळते. विधुराच्या डोळ्यांतील पाणी पाहण्याआधी समाजाने त्याच्या पत्रिकेकडे पाहिले. विधवेला मात्र असा उद्याकडे पाहणारा एकही शब्द भाषेने दिला नाही.

माळव्यात, धार जिल्ह्यातील गंधवानीसारख्या ठिकाणी बसून मराठी वाङ्मयाचा विचार करणाऱ्याला ही विषमता आणखी एका कारणाने जाणवते. या प्रदेशाच्या मराठी स्मृतीत मानाचे स्थान आहे ते विधवांना. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. त्यांच्या पत्नी अहिल्याबाईंनी पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरी बसून राज्य केले. धारच्या गादीवरील आनंदराव पवार १८०७ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी मीनाबाईंनी चोहोंकडून कोसळणारे ते लहानसे राज्य सावरून धरले. विधवेचे दुःख, तिचे धैर्य आणि तिचा कारभार यांच्या कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पण विधुर सरदाराची कथा कोणती? राघोबादादांच्या पहिल्या पत्नी जानकीबाई वारल्या आणि त्यांच्या जागी आनंदीबाई आल्या, याची आठवण किती जणांना आहे? त्याच आनंदीबाई परागंदा अवस्थेत धारच्या किल्ल्यात आश्रयाला होत्या व तेथेच १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जानकीबाई मात्र नाटकातही नाहीत आणि कादंबरीतही नाहीत. ज्या समाजात पुरुषाची पोकळी लगेच भरून निघते, त्या समाजाच्या वाङ्मयात त्या पोकळीचे चित्र कसे उमटावे?

मराठी रंगभूमीने धनिक बिजवराला एकदा संपूर्ण प्रकाशात आणले, तेही उपहासासाठी. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यातील श्रीमंत भुजंगनाथ हा म्हातारा, पैशाच्या बळावर कोवळी नवरी विकत घेऊ पाहणारा. भद्रेश्वर दीक्षितासारखा मध्यस्थ आणि कांचनभटासारखा लोभी बाप असल्यावर त्याला अडचण ती कसली? देवलांनी त्याला हास्यास्पद केले, आणि सामाजिक नाटककार म्हणून त्यांचा बाण अचूक लागला. परंतु त्या हास्याने एक गोष्ट झाकली गेली. बिजवर हा म्हातारा, लोभी आणि मूर्ख असला की प्रेक्षकाची सदसद्विवेकबुद्धी सुखाने झोपू शकते. भुजंगनाथाला हसणाऱ्या प्रेक्षकांत स्वतः बिजवर असलेले, तिशी-पस्तिशीतले, सुशिक्षित आणि सज्जन गृहस्थ थोडे का असतील? तो सज्जन बिजवर रंगभूमीवर यावयाचा राहिला होता.

तो आला दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. झी मराठी वाहिनीवर २०१२–१३ मध्ये दाखविली गेलेली ‘उंच माझा झोका’ ही मालिका वीरेन प्रधान यांनी दिग्दर्शित केली. तिचा विषय रमाबाई रानडे यांचे जीवन. लहान रमेची भूमिका तेजश्री वालावलकर हिने, थोरल्या रमाबाईंची स्पृहा जोशी यांनी, आणि महादेव गोविंद रानडे यांची भूमिका विक्रम गायकवाड यांनी केली. मालिकेचे नाव रमेचे, झोका रमेचा आणि तो उंच जातो तो तिच्याच कर्तृत्वाने. तरीही या मालिकेच्या पूर्वार्धातील खरी नैतिक समस्या रमेची नसून महादेवरावांची आहे, असे माझे मत आहे. आणि मालिकेचे यशापयश त्या समस्येला ती किती सामोरी गेली यावरच मोजले पाहिजे.

वस्तुस्थिती अशी होती. १८४२ साली निफाडला जन्मलेले रानडे १८७१ पासून पुण्यास न्यायाधीश होते. वडील कोल्हापूर संस्थानच्या सेवेतले. घर प्रतिष्ठित, वळण जुने. रानडे वंशपरंपरेचे सरदार नव्हते, पण इंग्रजी अमदानीने जो नवा मानकरी वर्ग निर्माण केला त्याचे ते अग्रणी होते. विष्णुशास्त्री पंडितांच्या विधवाविवाहोत्तेजक मंडळीशी त्यांचा निकट संबंध होता. १८६९ च्या गाजलेल्या पुनर्विवाहानंतर १८७० मध्ये पुण्यात जो शास्त्रार्थ झाला, त्यात ते पुनर्विवाहाच्या बाजूने उभे राहिले होते. १८७३ साली त्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई निवर्तल्या. विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता आता स्वतःच विधुर झाला होता. बोललेले करून दाखविण्याची वेळ त्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. आणि त्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी कुर्लेकरांच्या अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला.

या घटनेचे मुख्य साधन म्हणजे रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक. मुलगा विधवेशी लग्न करील या भयाने वडिलांनी घाईने स्थळ पाहिले, रानड्यांनी नकार दिला, मुदत मागितली, वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा केली, मुलगा नमला. लग्न लागल्यावर घरी येऊन त्यांनी कोणाशी न बोलता खोलीचे दार लावून घेतले. मग नववधूशी पहिले बोलणे झाले तेव्हा तिला लिहिता-वाचता येते काय याची विचारपूस झाली आणि पाटी-पेन्सिल तिच्या हाती आली. मराठी गद्यात यापेक्षा अधिक नाट्यपूर्ण प्रसंग थोडेच असतील. बंद दार आणि पाटी या दोन वस्तूंत त्या पुरुषाचे संपूर्ण चरित्र सामावले आहे. बंद दार म्हणजे त्याची शरम, आणि पाटी म्हणजे त्याचे प्रायश्चित्त.

मालिकेने पाटीला पूर्ण न्याय दिला. गायकवाडांनी उभे केलेले महादेवराव संयत आहेत. त्यांचा आवाज चढत नाही, दृष्टी बहुधा खाली असते, आणि मुलीला अक्षर गिरवावयास सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पतीपेक्षा पंतोजीचा भाव अधिक असतो. हा नटाचा विचारपूर्वक निर्णय असावा आणि तो योग्य आहे. परंतु बंद दाराला मालिकेने तितका वेळ दिला नाही. रोज रात्री कुटुंबासह पाहिल्या जाणाऱ्या कथेला बंद दाराआडची शांतता परवडत नाही. तिला उद्याच्या भागाची ओढ लावावयाची असते. त्यामुळे महादेवरावांची शरम ही एका सुखी संसाराची प्रस्तावना होऊन बसते. मृत सखूबाई तर त्या प्रस्तावनेतही ओझरत्याच राहतात. जानकीबाईंचे जे झाले, तेच सखूबाईंचेही झाले.

एका बाबतीत मात्र पडद्याने पुस्तकावर मात केली आहे. ‘वर एकतीस, वधू अकरा’ हे वाक्य आपण चरित्रात सहज वाचून जातो. अंकांना शरीर नसते. मालिकेत खरोखरीची लहान मुलगी आणि खरोखरीचा प्रौढ पुरुष एका चौकटीत उभे राहतात. तिचे डोके त्याच्या छातीशी येते, लुगडे तिला आवरत नाही, आणि त्याची बोटे तिच्या हातातील पेन्सिलीपेक्षा थोराड दिसतात. एकही संवाद न बोलता प्रेक्षकाला कळते की १८७३ सालचा प्रतिष्ठित विवाह म्हणजे काय होता. ज्या काळी संमतिवयाची मर्यादा बारा वर्षांवर नेण्यासाठी १८९१ साल उजाडावे लागले आणि त्यासाठीही केवढे रण माजले, त्या काळाचे हे चित्र आहे. शिक्षकाने वर्गात तासभर सांगून जे साधत नाही, ते ही चौकट क्षणात साधते.

पण पुढे नटी बदलते. लहान रमा जाते, थोरली रमा येते. पुरुष तोच राहतो. या एका बदलाने प्रेक्षकाच्या मनातील अस्वस्थतेचे निवारण होते. आता दोघे शोभून दिसतात. जीवनात त्या मुलीला दिवसागणिक, वर्षागणिक वाढावे लागले; सासरच्या बायकांचे टोमणे खात, चोरून पुस्तक वाचत मोठे व्हावे लागले. पडद्यावर ती एका भागातून दुसऱ्या भागात मोठी होते, आणि ज्या प्रश्नाने आपण अस्वस्थ झालो होतो तो न सुटताच विरून जातो. ऐतिहासिक मालिकेच्या तंत्राने बिजवराला दिलेली ही मूक क्षमा आहे. क्षमा देण्यास माझी हरकत नाही. ती न मागता आणि न विचारता दिली जाते, याला आहे.

येथे काही वाचक म्हणतील की आजच्या मापाने १८७३ सालच्या माणसाला मोजणे अन्यायाचे आहे. आक्षेप रास्त आहे, म्हणून आजचे माप बाजूला ठेवू आणि त्याच काळाचे घेऊ. विष्णुशास्त्री पंडितांनी पहिली पत्नी वारल्यावर स्वतः विधवेशी विवाह केला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९१ साली पत्नीवियोग झाल्यावर १८९३ मध्ये विधवेशीच लग्न केले आणि त्याची किंमत वाळीत पडून मोजली. म्हणजे दुसरी वाट अस्तित्वात होती. बिकट होती, पण होती. रानड्यांना ती दिसत नव्हती असेही नाही, कारण ती वाट इतरांना दाखविणाऱ्यांपैकी ते एक होते. त्यांना मोजावयाचे ते त्यांच्याच मापाने, आणि त्या मापाला ते उणे पडले हे त्यांनी खोलीचे दार लावून घेताना स्वतःच कबूल केले. पुढे पंचहौद मिशनच्या चहा प्रकरणात १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेथेही हाच स्वभाव दिसतो : आप्तांना दुखवून पुढे जाण्यापेक्षा स्वतः वाकून सर्वांना बरोबर नेण्याचा. हा दुबळेपणा की दूरदृष्टी, यावर मतभेद होतील. कलाकृतीने तो मतभेद जिवंत ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे.

तो जिवंत ठेवण्याचे साधन मालिकेच्या हातातच होते. त्याच घरात रानड्यांची सख्खी बहीण दुर्गा वैधव्य कंठीत होती. एकाच छपराखाली भाऊ विधुर आणि बहीण विधवा. भावासाठी काही आठवड्यांत नवी वधू आली. बहिणीसाठी त्या घरात तो विचारही उच्चारला जाणे शक्य नव्हते. भाऊ न्यायाधीश होता. जगाला न्याय देत होता. या एका विरोधात त्या शतकाची सारी शोकांतिका आहे. दुर्गाबाईंना मालिकेत स्थान आहे, पण ते बहुतांशी सासुरवासाच्या परिचित साच्यात. नव्या वहिनीच्या हाती पुस्तक पाहून विधवा नणंदेला येणारा राग हा केवळ सोवळ्यातला कर्मठपणा असेल काय? मला जे मिळाले नाही ते हिला का, हा प्रश्न त्या रागाच्या तळाशी नसेल काय? मालिकेने या तळाशी थोडे तरी उतरावयास हवे होते. मग महादेवराव आणि दुर्गा यांच्यातील एक निःशब्द प्रसंगही पुरेसा झाला असता, आणि बिजवराचे दुःख त्याच्या अपराधासह उभे राहिले असते.

या उणिवा दाखवूनही ही मालिका आपल्या वाङ्मयीन परंपरेत महत्त्वाची आहे असेच म्हणावे लागते. भुजंगनाथाने बिजवराला हास्यास्पद केले होते. महादेवरावांनी त्याला माणूस केले. खलपुरुषाला दोष देणे सोपे असते. ज्याच्याविषयी आदर आहे त्याचा दोष पाहणे अवघड, आणि दोष पाहूनही आदर टिकविणे त्याहून अवघड. ही परीक्षा मालिकेने प्रेक्षकापुढे निदान मांडली, हे तिचे श्रेय.

आणि या कथेचा शेवट काळाने असा केला आहे की कोणत्याही लेखकाला हेवा वाटावा. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. ज्या विवाहाचा आरंभ एका पुरुषाच्या विधुरपणातून झाला होता, त्याचा अंत एका स्त्रीच्या वैधव्यात झाला. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. त्यांच्यासाठी कोणी स्थळ पाहिले नाही, मुदतीचा प्रश्न आला नाही, पत्रिका निघाल्या नाहीत. त्यांनीही दार लावून घेतले असते तर समाजाला ते योग्यच वाटले असते. परंतु मुंबईत १९०८ साली आणि पुण्यात १९०९ साली सेवासदनाचे काम उभे राहिले, ते त्यांच्या हातून. आणि १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्या दारातून असंख्य स्त्रिया आत येऊन शिकून बाहेर पडल्या. विधुराने लज्जेने लावलेले दार विधवेने उघडले, आणि त्याने हाती दिलेली पाटी तिने इतरांच्या हाती दिली. माळव्यातील अहिल्याबाईंच्या आणि मीनाबाईंच्या कथांवर वाढलेल्या आम्हा वाचकांना या शेवटाचे नवल वाटत नाही. आमच्या इतिहासात राज्य सावरले ते बहुधा विधवांनीच. नवल वाटते ते एवढेच की विधुराचे अश्रू पाहावयास मराठी कलेला इतकी वर्षे लागली, आणि पाहिल्यावरही तिने ते लगेच पुसून टाकले.