तीन वर्षांची ग्रँट आणि किनाऱ्याचा बर्फ

पीएचडीचा विषय सांगितला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तिकडे थंडी किती असते?" आणि दुसरा, "पण याला पैसे कोण देतं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी ही पोस्ट लिहितेय. त्याचं उत्तर मला फारसं आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात एका घटनेपासून करू. मे १९९७. अलास्काच्या उत्तर टोकावरचं बॅरो हे गाव. (२०१६ साली गावकऱ्यांनी मतदान करून गावाचं जुनं इन्युपिआक नाव परत आणलं: उत्किआग्विक.) वसंतातल्या व्हेलच्या शिकारीसाठी इन्युपिआत शिकारी समुद्राच्या बर्फावर तळ ठोकून होते. त्यांच्या पायाखालचा बर्फ किनाऱ्यापासून तुटला आणि समुद्रात वाहायला लागला. त्यावर १४२ माणसं होती. नशिबानं सगळ्यांची सुटका झाली. ही माणसं काही नवशिकी नव्हती. त्यांच्या आज्यापणज्यांपासून सगळे याच बर्फावर वावरलेले. तरीही बर्फानं त्यांना चकवलं.

हा बर्फ म्हणजे माझा विषय. इंग्रजीत त्याला 'लँडफास्ट आइस' म्हणतात, आपण किनारी बर्फ म्हणू. समुद्राचा बहुतेक बर्फ वाऱ्यानं, प्रवाहानं सतत हलत असतो. किनारी बर्फ मात्र जागेवर थांबतो, कारण त्याला खुंट्या असतात. बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून उंच कडे तयार होतात. पाण्यावर जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट खाली असतं. साधारण २० मीटर खोलीच्या आसपास असे कडे समुद्रतळात रुततात आणि आतल्या सपाट बर्फाला धरून ठेवतात. खुंटी पक्की, तर बर्फ पक्का. आता समुद्र उशिरा गोठतो आणि जुना, अनेक वर्षं टिकलेला जाड बर्फ किनाऱ्यापर्यंत कमी येतो, त्यामुळे खुंट्या कच्च्या राहतात. किनारी बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो आणि मधल्या काळातही त्याचा भरवसा कमी झालाय.

आता पैशाकडे येऊ.

आर्क्टिकच्या बर्फाबद्दल तुम्ही पेपरात जे वाचता तो बहुतेक वेळा एकच आकडा असतो: सप्टेंबरमध्ये सगळ्यात कमी बर्फ किती उरला. २०१२ साली तो ३४ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उतरला होता, आणि तो नीचांक अजून कायम आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून उपग्रहांनी ही नोंद ठेवलीय. नोंद मोलाची आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती कशी होते ते बघा. उपग्रहावरचा सेन्सर बर्फातून आणि पाण्यातून येणारे मायक्रोवेव्ह मोजतो. ढग असोत, सहा महिन्यांची रात्र असो, त्याला फरक पडत नाही. मात्र त्याची नजर जाड आहे. नेहमी वापरला जाणारा नकाशा २५ किलोमीटरच्या चौकोनांचा असतो. उत्किआग्विकजवळचा किनारी बर्फ बऱ्याचदा जेमतेम काही किलोमीटर रुंद. म्हणजे शिकाऱ्याचं सगळं जग एका चौकोनाच्या कोपऱ्यात मावतं. त्यात किनाऱ्याजवळच्या चौकोनात जमिनीचा सिग्नल मिसळतो, तो वेगळा काढावा लागतो. आणि मुख्य म्हणजे या नकाशावर खुंटीला बांधलेला बर्फ आणि वाहता बर्फ एकसारखेच दिसतात. दोन्हीकडे "१०० टक्के बर्फ". चालणाऱ्या माणसाला त्या दोन्हींतली रेषाच माहीत हवी असते.

ही रेषा सापडत नाही असं नाही. सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहाच्या रडार प्रतिमा लागोपाठ ठेवून बघितल्या की कुठला बर्फ हलला नाही ते कळतं. माझं रोजचं काम तेच. पण खुंटी किती पक्की आहे, खालून बर्फ किती झिजलाय, काल रात्री तडा कुठे गेला, हे आकाशातून धड कळत नाही. त्याला किनाऱ्यावरच कोणीतरी लागतं. अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स इथल्या संशोधकांनी उत्किआग्विकमध्ये हे करून दाखवलंय. किनाऱ्याकडे तोंड केलेलं रडार, बर्फाची जाडी मोजणारं केंद्र, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बर्फाच्या रोजच्या नोंदी लिहिणारे स्थानिक जाणकार. २००६ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या (एनएसएफ) पैशातून सुरू झालेल्या 'सायझोनेट' या प्रकल्पातून हे निरीक्षण उभं राहिलं. त्याच काळात मॅथ्यू ड्रकनमिलर या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं शिकाऱ्यांच्या बर्फावरच्या वाटा मोजल्या, त्यांच्या जाडीचे नकाशे केले आणि ते शिकाऱ्यांच्याच हातात दिले. माझ्या क्षेत्रात पीएचडी कशी असावी असं कोणी विचारलं, तर मी हे काम दाखवते.

मग अडतं कुठे? अडतं "प्रकल्प" या शब्दापाशी.

एनएसएफची साधी ग्रँट तीन ते पाच वर्षांची असते. तीन वर्षांचा हिशेब करून बघा. पहिलं वर्ष परवानग्या, यंत्रं आणि माणसं जमवण्यात जातं. एखादा हिवाळा यंत्र नीट चालण्याची वाट बघण्यात. मग एक किंवा दोन चांगले हिवाळे मिळतात. तिसऱ्या वर्षी पेपर लिहायचे आणि पुढचं प्रपोजलही लिहायचं. किनारी बर्फ तर वर्षावर्षाला भयंकर बदलतो. एक वर्ष जूनपर्यंत टिकेल, पुढच्या वर्षी मेमध्येच सुटेल. दोन हिवाळ्यांवरून कल सांगायचा म्हणजे दोन पावसाळ्यांवरून मॉन्सून बदलला म्हणण्यासारखं. ज्या प्रश्नाला वीस वर्षं लागतात, त्याला आपण तीन वर्षांच्या तुकड्यांत पैसे देतो. वर दर तुकड्याला सिद्ध करायला लावतो की तो मागच्यापेक्षा नवीन आहे.

माझ्या टीकेचा रोख या "नवीन" शब्दावर आहे. परीक्षकासमोर "हेच यंत्र, याच जागी, आणखी दहा वर्षं" असं प्रपोजल गेलं की शेरा ठरलेला: नावीन्य काय? आजार जुनाच आहे. मौना लोआवर कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या चार्ल्स कीलिंगलाही हेच ऐकावं लागलं होतं. १९५८ साली सुरू झालेली ती नोंद १९६४ मध्ये पैशाअभावी काही महिने थांबली. पुढे "हे तर नेहमीचं मोजमाप, याला संशोधन कसं म्हणायचं" हा आक्षेपही आला. आज तो आलेख शाळेच्या पुस्तकांत असतो, आणि १९६४ ची फट त्यात राहिली ती राहिलीच. बर्फाचंही तसंच. न मोजलेला हिवाळा नंतर कितीही पैसे ओतले तरी मोजता येत नाही.

एनएसएफनं हे ओळखलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१६ साली त्यांनी दहा मोठ्या कल्पना जाहीर केल्या, त्यातली एक 'नेव्हिगेटिंग द न्यू आर्क्टिक'. निसर्ग, समाज आणि बांधकाम या तिन्हींचा एकत्र विचार करा, स्थानिकांना सोबत घ्या, असा तिचा आग्रह. कागदावर उत्तम. पण २०२० च्या मार्चमध्ये अलास्कातल्या कवेरॅकसह चार आदिवासी आणि स्थानिक संस्थांनी एनएसएफला पत्र लिहून नाराजी कळवली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: कार्यक्रम आखताना आम्हाला विचारलं नाही, आता मात्र प्रत्येक संशोधकाला आमचं पाठिंब्याचं पत्र हवंय. त्यांची बाजू डोळ्यांसमोर आणा. छोटं गाव, कचेरीत मोजकी माणसं आणि मुदतीच्या आधी येणारे अनोळखी ईमेल: "आमच्या प्रपोजलमध्ये तुमचा सहभाग आहे असं लिहून द्याल का?" पुढे या कार्यक्रमासाठी समुदायांशी संपर्क ठेवणारं कार्यालय उभं राहिलं, हे चांगलं झालं. पण मुळातली गडबड पैशाच्या आकारात होती. मोठी रक्कम, ठरलेली तारीख, दूरचं विद्यापीठ. अशा साच्यातून विश्वास तयार होत नाही. तो तयार व्हायला तेच तेच माणूस वर्षानुवर्षं येत राहावं लागतं.

दुसरी बाजूही मांडते. पैसे देणाऱ्या संस्थेनं सगळं जुनंच चालू ठेवलं, तर नव्या माणसाला जागा कुठून मिळणार? मी स्वतः त्या नव्या माणसांच्या रांगेत उभी आहे. शिवाय चालू ठेवलेल्या नोंदी कोणी वापरत नाही, नुसत्या साठतात, असंही होतं. मुद्दा खरा आहे. म्हणूनच दोन्ही कामांना एकाच रांगेत उभं करू नये असं मला वाटतं. नव्या प्रश्नांची स्पर्धा वेगळी ठेवा. चालू नोंदींना छोटी पण लांब पल्ल्याची रक्कम द्या, आणि दर पाच वर्षांनी "नवीन काय?" असं न विचारता "कोणाच्या उपयोगी पडलं?" असं विचारा.

असं होऊ शकतं याचं उदाहरण कॅनडात आहे. २००९-१० चा हिवाळा लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर विलक्षण उबदार गेला. नेन गावच्या इन्युइट लोकांच्या नेहमीच्या बर्फावरच्या वाटा बंद पडल्या, माणसं बर्फातून खाली पाण्यात गेली. त्यातून मेमोरियल विद्यापीठ आणि स्थानिक लोक यांनी मिळून 'स्मार्टआइस' उभं केलं. स्नोमोबाइलच्या मागे ओढायच्या घसरगाडीवर जाडी मोजणारा सेन्सर, बर्फात रोवलेले मापक, आणि ते चालवणारे गावातलेच पगारी लोक. २०१६ साली त्याला आर्क्टिक इन्स्पिरेशन प्राइझ मिळालं. आज ते सामाजिक उद्योग म्हणून चालतं. इथे पैसा पेपरऐवजी सेवेसाठी येतो. त्यामुळे चौथ्या वर्षी यंत्र बंद पडलं तर गावात बोंब होते. आमच्या प्रकल्पाचं यंत्र बंद पडलं तर नुसता आलेख तुटतो.

तुटलेले आलेख मला चांगले माहीत आहेत. माझ्या प्रबंधात उपग्रहाची रेषा बरोबर आहे का हे तपासायला मी किनाऱ्यावरच्या जुन्या नोंदी वापरते. एका ठिकाणी त्या मध्येच संपतात. खूप शोधलं. यंत्रही बिघडलं नव्हतं आणि वादळही आलं नव्हतं. ग्रँट संपली होती. गाईडनं सांगितलं, "तळटीप टाक आणि पुढे जा." टाकली, पुढे गेले.

आणि आता तर तो मोठा आकडाही निश्चिंत राहिलेला नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या हवामान आणि महासागर खात्याचा (एनओएए) आधार संपल्यामुळे बोल्डरच्या राष्ट्रीय हिम आणि बर्फ डेटा केंद्रानं आपल्या सुप्रसिद्ध बर्फ निर्देशांकासह काही डेटासंचांची सेवा किमान पातळीवर आणली. त्याच वर्षी पुढच्या बजेटसाठी व्हाइट हाउसनं एनएसएफला निम्म्याहून जास्त कात्री सुचवली. सूचना म्हणजे मंजुरी नव्हे, हे खरं. पण बर्फावर रोजची नोंद लिहिणाऱ्या माणसाचं मानधन कात्रीत सगळ्यात आधी सापडतं, कारण ते कुठल्याच "मोठ्या कल्पने"त बसत नाही.

हे सगळं अमेरिकेचं गाऱ्हाणं आहे असं समजून पुढे जाऊ नका. गोव्यात वास्कोला आपली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आहे. स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंडला २००८ पासून आपलं 'हिमाद्री' केंद्र आहे, आणि शेजारच्या काँग्सफियॉर्डमध्ये २०१४ साली आपण 'इंडआर्क' ही पाण्याखालची वेधशाळा बसवली. या फियॉर्डमधला किनारी बर्फ २००६ नंतर स्पष्टपणे घटला, कारण अटलांटिकचं कोमट पाणी आत येऊ लागलं. म्हणजे जागा अगदी नेमकी आहे. इंडआर्कचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की ते एका जागी टिकून मोजायचं काम आहे. मात्र २०२२ च्या आपल्या आर्क्टिक धोरणाचे सहा खांब वाचताना मला एक गोष्ट खटकते. विज्ञान आहे, वाहतूक आहे, आर्थिक विकास आहे, पण सुरू केलेली नोंद किती वर्षं चालवायची याचं वचन देणारा खांब नाही. स्वालबार्डमध्ये मूळ रहिवासी समाज नाही. त्यामुळे आपला विद्यार्थी बर्फावर चालून पोट भरणाऱ्या एकाही माणसाला न भेटता किनारी बर्फाचा तज्ज्ञ होऊ शकतो. हे मी स्वतःलाही ऐकवतेय.

तेव्हा पुढच्या वेळी "आर्क्टिकसाठी इतके कोटी मंजूर" अशी बातमी वाचाल तेव्हा आकड्यावर थांबू नका. किती वर्षांसाठी आणि त्यानंतर यंत्राकडे कोण बघणार, एवढं विचारा. बातमीत उत्तर बहुधा नसेल. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रपोजलमध्येही नव्हतं. पुढचं लिहायला घेतलंय, आणि "चौथं वर्ष" नावाचा एक परिच्छेद त्यात घातलाय. परीक्षक त्यावर काय शेरा मारतात ते कळलं की इथे सांगेनच.