वर्गातली मागची जागा: तीन दलित आत्मकथनांतील शाळा

प्रस्तावना

दलित आत्मकथनांवर परीक्षेत प्रश्न आला की बहुतेक उत्तरांचा शेवट एकाच वाक्याने होतो: शिक्षणामुळे लेखकाचा उद्धार झाला. हे विधान चूक आहे असे नाही. लिहिता-वाचता आले नसते तर ही पुस्तकेच झाली नसती. पण या वाक्यावर थांबलो, तर पुस्तकातला एक मोठा भाग आपण न वाचताच सोडून देतो. लेखकाला शिक्षण मिळाले कुठे, कोणामुळे, आणि मिळाल्यावर त्याचे काय झाले, हे प्रश्न बाजूलाच राहतात.

या टिपणात आपण तीन भाषांतील तीन पुस्तके पाहणार आहोत. हिंदीतील ओमप्रकाश वाल्मीकी यांचे ‘जूठन’ (१९९७), तमिळमधील बामा यांचे ‘करुक्कु’ (१९९२) आणि मराठीतील कुमुद पावडे यांचा आत्मपर लेखसंग्रह ‘अंतःस्फोट’ (१९८१). तिघांनीही शिक्षणावरचा विश्वास सोडलेला नाही. मात्र शाळा नावाच्या संस्थेला त्यांनी निर्दोष ठरवलेले नाही. शाळा आणि शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या करून वाचल्याशिवाय या पुस्तकांतील टीका हाती लागत नाही, असे येथे मांडायचे आहे.

पार्श्वभूमी: दोन जुने प्रश्न

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन सादर केले. सरकारी तिजोरीत जमा होणारा महसूल शेतकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या घामातून येतो, पण त्यातून होणाऱ्या शिक्षणाच्या खर्चाचा लाभ वरच्या वर्गांनाच मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी केली. खर्च कोण सोसतो आणि शाळेत कोण बसतो, हा फुल्यांचा प्रश्न होता.

दुसरा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर लेखनात आहे. तेथील विद्यार्थ्याला शाळेत प्रवेश मिळालेला आहे. पण त्याला वेगळ्या गोणपाटावर बसावे लागते, आणि शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसल्यामुळे ते रोज घरी नेऊन परत आणावे लागते. शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यायला मिळते. शिपाई नसेल तर तहान तशीच राहते. फुल्यांचा प्रश्न शाळेच्या दारापर्यंतचा आहे आणि आंबेडकरांचा दाराच्या आतला. पुढील तिन्ही पुस्तकांत हा दुसरा प्रश्न ठळकपणे येतो.

‘जूठन’: प्रवेश झाला, पण जागा?

वाल्मीकींचा जन्म १९५० सालचा, उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील बरला गावचा. त्याच वर्षी राज्यघटना लागू झाली आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. म्हणजे ही कथा पूर्णपणे घटनेनंतरच्या भारतातली आहे. वडिलांच्या विनवण्यांनंतर मुलाला शाळेत घेतले जाते, पण त्याला बसवले जाते इतरांपासून दूर, जमिनीवर, कधी अगदी दाराजवळ. तेथून फळ्यावरची अक्षरे पुसट दिसतात. या तपशिलावर थोडे थांबावे. असा विद्यार्थी अभ्यासात मागे पडला, तर हजेरीपटावरून त्याचे कारण कळणार नाही. त्याची बुद्धी कमी आहे असेच सांगितले जाईल.

पुढचा प्रसंग प्रसिद्ध आहे. मुख्याध्यापक या मुलाला वर्गात बसवण्याऐवजी शाळा आणि मैदान झाडायला लावतात. तिसऱ्या दिवशी मुलगा गुपचूप वर्गात जाऊन बसतो, तर त्याला ओढून बाहेर काढले जाते. रस्त्याने जाणारे वडील हे पाहतात, हातातला झाडू हिसकावून फेकून देतात आणि मुख्याध्यापकांना जाब विचारतात. या मुलाची जात पिढ्यान्‌पिढ्या जे काम करत आली, तेच शाळा त्याला देत होती. ते काम नाकारणारा माणूस मात्र निरक्षर होता.

आणखी एक प्रसंग वर्गातलाच. द्रोणाचार्यांनी गरिबीमुळे अश्वत्थाम्याला दुधाऐवजी पाण्यात कालवलेले पीठ पाजले, हे शिक्षक गहिवरून सांगतात. त्यावर हा विद्यार्थी विचारतो, की आम्ही दुधाऐवजी भाताची पेज पितो, मग आमच्याबद्दल कोणत्याही महाकाव्यात का नाही? उत्तरादाखल त्याला छडीचा मार मिळतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न महत्त्वाचा वाटायला हवा. पाठ्यपुस्तकात कोणाची गरिबी करुण ठरते आणि कोणाची दिसतही नाही, हा समीक्षेचा मूलभूत प्रश्न आहे. तो एका शाळकरी मुलाने विचारला आणि त्याला शिक्षा झाली.

शिकून जात ‘सुधारेल’ अशी वडिलांची श्रद्धा होती. लेखक पुढे सांगतो, की शिक्षणाने जात सुधारत नाही. ती जन्मावरच ठरते. वडिलांबद्दल अपार माया ठेवूनही त्यांच्या श्रद्धेला दिलेला हा नकार ‘जूठन’चा गाभा आहे.

‘करुक्कु’: पहिला क्रमांक आणि नारळ

करुक्कु म्हणजे ताडाच्या पानाच्या देठाची करवतीसारखी दातेरी कड. बामा परैयर समाजातील ख्रिस्ती कुटुंबातल्या. थोरला भाऊ लहान बहिणीला सांगतो, की या जातीत जन्मल्यामुळे आपल्याला मान मिळत नाही, पण तू चांगली शिकलीस तर लोक आपणहून तुझ्याजवळ येतील. ती मनापासून शिकते आणि पहिली येते. भावाचे म्हणणे काही अंशी खरे ठरते.

पण त्याच शाळेत खेळताना एक कोवळा नारळ खाली पडतो. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर तिला चोर ठरवले जाते आणि शाळेबाहेर काढले जाते. परत येण्यासाठी तिला धर्मगुरूंची चिठ्ठी आणावी लागते. चिठ्ठी मिळते, पण तिच्या वस्तीतल्या मुलीने असे केलेही असेल, हा संशय त्यांच्याही बोलण्यात असतो. पहिल्या क्रमांकाने मिळवलेला मान एका नारळासरशी जातो. तो मुळात तिचा झालाच नव्हता. तिच्याकडे तो उसना होता.

पुढे गरीब दलित मुलांना शिकवता येईल या आशेने बामा जोगीण होतात. मठाच्या शाळांत मात्र त्यांना सुखवस्तू घरांतली मुले दिसतात, आणि काही वर्षांनी त्या मठ सोडतात. फुल्यांचा प्रश्न येथे वेगळ्या रूपात परत येतो. सेवेच्या नावाने चालणारी शाळा कोणाची सेवा करते?

‘अंतःस्फोट’: पदवी आणि आडनाव

पहिल्या दोन पुस्तकांत शाळेने अडवलेली मुले आहेत. कुमुद पावडे यांचा अनुभव पदवी हाती आल्यानंतरचा आहे, म्हणून तो वेगळा वाचायला हवा. महार समाजातील ही मुलगी संस्कृत शिकते आणि त्या विषयात एम. ए. होते. शाळेतले गोखले गुरुजी वरून कर्मठ वाटतात, पण शिकवताना भेद करत नाहीत, आणि लेखिका त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य करते. शाळेवर टीका म्हणजे प्रत्येक शिक्षकावर टीका नव्हे, हे या व्यक्तिचित्रातून स्पष्ट होते.

मात्र पदवी मिळूनही नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर ‘सोमकुवर’चे ‘पावडे’ होते आणि मग संस्कृतच्या अध्यापनाची नोकरी मिळते. नोकरीचे श्रेय आपल्या सवर्ण आडनावाला आहे, सोमकुवर मात्र उपेक्षितच राहिली, असे लेखिका उपरोधाने नोंदवते. बाई तीच, गुणपत्रिका तीच, बदलले ते आडनाव. गुणवत्तेवरच्या अनेक चर्चांना या एका उदाहरणाचे उत्तर देता येणार नाही.

एक मर्यादा

या पुस्तकांचा पुरावा म्हणून उपयोग करताना एक सावधगिरी हवी. आत्मकथन लिहितो तो शाळेतून तरून बाहेर पडलेला माणूस. दाराजवळ बसून ज्याला फळा दिसला नाही आणि ज्याने शाळा सोडली, त्याचे पुस्तक ग्रंथालयात नाही. वाल्मीकींच्या पुढच्या शिक्षणासाठी वहिनीने आपले पैंजण दिले. ते विकून किंवा गहाण ठेवून मुलाला शाळेत घाला, असे तिने सांगितले. ही वहिनी स्वतः का शिकली नाही, हे आपल्याला तिच्याकडून ऐकायला मिळत नाही. म्हणून ‘हे शिकले, मग बाकीच्यांना काय झाले?’ असा निष्कर्ष या पुस्तकांवरून काढणे ही वाचनातली चूक आहे. यशस्वी लेखकाच्या मागे वडिलांचा जाब, वहिनीचे पैंजण आणि भावाचा शब्द उभा असतो. असा आधार प्रत्येकाला मिळत नाही, आणि तो मिळण्यावर कोणाचे शिक्षण अवलंबून असू नये.

समारोप

तिन्ही पुस्तकांत शाळा विषमतेवरचा उपाय आहे, तशीच ती विषमतेची जागाही आहे. ही विसंगती लेखकांनी मिटवलेली नाही आणि आपणही ती घाईने मिटवू नये. शिक्षणाने त्यांना सन्मान आपोआप मिळवून दिला नाही. झालेल्या गोष्टीला नाव देण्याची, महाकाव्यात आम्ही का नाही हे विचारण्याची ताकद मात्र दिली. ज्या शाळेने त्यांना मागे बसवले, तिचीच परीक्षा त्यांनी या लेखनात घेतली आहे.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी सुखदेव थोरात समितीने केली, त्याचा अहवाल २००७ चा आहे. उच्च शिक्षणसंस्थांमध्ये समानतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१२ मध्ये विनियम करावे लागले. हे टिपण वाचणारा विद्यार्थीही कोणत्यातरी वर्गात बसलेला आहे. त्या वर्गातली मागची जागा कोणाची असते, हे पाहण्यापासून या पुस्तकांचे वाचन सुरू करता येईल.

विचारार्थ प्रश्न

१. ‘जूठन’मधील झाडूचा आणि ‘करुक्कु’मधील नारळाचा प्रसंग यांची तुलना करा. दोन्हींत शाळेची भूमिका काय आहे?

२. ‘अंतःस्फोट’मधील आडनावाच्या प्रसंगावरून ‘गुणवत्ता’ या संकल्पनेची चर्चा करा.

३. आत्मकथन हा सामाजिक वास्तवाचा पुरावा म्हणून कितपत वापरता येतो? त्याच्या मर्यादा सांगा.