‘स्यात्’ म्हणजे ‘काहीही चालतं’ नव्हे

संशोधन आराखड्यात ‘वास्तव अनिश्चित असतं’ हे वाक्य आपल्यापैकी बरेच जण टाकतात. मीही टाकलं होतं. मार्गदर्शकांनी शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, ‘म्हणजे नेमकं काय?’ उत्तर आमच्या जामनेरच्या जवळच सापडलं.

पहूर, वाकोद करत फर्दापूर गाठलं की अजिंठा. लेणी क्रमांक १ मध्ये दरबाराचं एक चित्र आहे. सिंहासनावर राजा, पुढ्यात टोकदार टोप्यांचे परदेशी लोक. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये सांगितलं की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, आणि हे इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील. म्हणजे काळ सातव्या शतकातला. ही ओळख फार लोकप्रिय झाली. पुढे वॉल्टर स्पिंक यांनी या लेणीचं काम वाकाटक हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात नेलं. तसं असेल तर पुलकेशी या चित्रात येणार कुठून? डीटर श्लिंगलॉफ यांच्या मते हा राजा महासुदर्शन, म्हणजे पूर्वजन्मीचे बुद्ध.

आता तुम्ही म्हणाल, ‘बघा, सत्य अनिश्चितच!’ इथंच आपण घसरतो. नागार्जुन म्हणतो, कोणत्याही वस्तूला स्वतःचा स्वतंत्र स्वभाव नाही. ती इतरांवर अवलंबून असते. पण याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा होत नाही. जैनांच्या स्याद्वादातला ‘स्यात्’ही नुसता ‘कदाचित’ नाही. ‘या दृष्टीनं पाहिलं तर’ असा तो आहे. म्हणजे दृष्टी सांगण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते.

हे चित्राला लावून बघा. टोप्या परदेशी आहेत, हे दोन्ही बाजूंना मान्य. राजा कोण, हे मात्र लेणीचा काळ आणि कोणती कथा समोर धरता यावर ठरतं. उद्या काळ पुन्हा सातव्या शतकात गेला, तर पुलकेशी परत विचारात येईल. टोप्या आहेत तिथंच राहतील. सगळी विधानं सारखीच डळमळीत नसतात. कोणतं विधान कशावर उभं आहे, हे दाखवणं म्हणजेच समीक्षा.

म्हणून आराखड्यात ‘अनिश्चित’ लिहिण्याआधी तीन ओळी लिहा: मी काय पाहिलं, त्यावरून काय ठरवलं, आणि काय सापडलं तर माझं चुकेल. तिसरी ओळ सुचत नसेल, तर विषय अजून हातात आलेला नाही. माझ्या आराखड्यात ते वाक्य आता नाही. या तीन ओळी आहेत, आणि तिसरीनं मला सगळ्यात जास्त छळलं.