लिनक्सवरचे खेळ : सोय कोणाच्या हाती?

‘लिनक्सवर खेळ चालत नाहीत’ असे पूर्वी सरसकट म्हटले जाई. आता त्याच्या अगदी उलट, ‘लिनक्सवर सगळे खेळ सहज चालतात’ असे ऐकू येते. आमच्या मते ही दोन्ही विधाने ढोबळ आहेत. शाळेच्या संगणक कक्षात कोणती कार्यप्रणाली घालावी याचा विचार सुरू झाला, की ‘तिच्यावर खेळ चालतील का?’ हा विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो. म्हणून हा नवा दावा तपासून पाहू.

प्रथम, मुळात अडचण कशाची आहे? विंडोज आणि लिनक्स बहुधा एकाच प्रकारच्या प्रोसेसरवर चालतात. बेरजेच्या, तुलनेच्या आज्ञा दोन्हीकडे सारख्याच असतात. पण फाईल उघडणे, आवाज काढणे, पडद्यावर चित्र रेखाटणे ही कामे खेळ स्वतः करत नाही. ती तो कार्यप्रणालीकडून करून घेतो, आणि तिच्याकडे मागणी करण्याची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे.

स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. एका घरातल्या पाककृतीत ‘डावीकडून तिसऱ्या डब्यातले दोन चमचे घाला’ असे लिहिले आहे. दुसऱ्या घरातही शेगडी तशीच, तिखट-मीठ तेच. पण डब्यांची मांडणी निराळी. पाककृती जशीच्या तशी पाळली, तर आमटीत मिठाऐवजी साखर पडेल. यावर उपाय म्हणजे फळीजवळ एक जाणकार माणूस उभा करणे. ‘तिसरा डबा’ असे ऐकताच तो पाचव्या डब्यातले मीठ काढून देईल. १९९३ मध्ये सुरू झालेला ‘वाइन’ हा प्रकल्प हेच काम करतो. तो प्रोसेसरची नक्कल करत नाही. विंडोजला उद्देशून केलेल्या मागण्या लिनक्सकडून पुऱ्या करून घेतो. अशा मागण्या हजारोंच्या घरात आहेत, आणि विंडोज त्या आतून कशा पुऱ्या करते हे उघड नाही. ते बरेचसे बाहेरून निरीक्षण करूनच ताडावे लागते. वाइनची पहिली पूर्ण आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, यात नवल नाही.

त्रिमिती चित्रांची मागणी पुरी करणे सर्वांत अवघड. विंडोजवरचे खेळ ती बहुधा ‘डायरेक्ट थ्रीडी’च्या भाषेत करतात. २०१६ मध्ये ‘वल्कन’ ही ग्राफिक्स कार्डाशी अधिक जवळून बोलणारी, कोणा एका कंपनीची मालकी नसलेली भाषा आली. ‘डीएक्सव्हीके’ ही आज्ञावली पहिल्या भाषेतले दुसऱ्या भाषेत आणू लागली. व्हॉल्व्ह या कंपनीने वाइन आणि डीएक्सव्हीके यांची सांगड घालून ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ तयार केले आणि ते आपल्या ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानात बसवले. त्यापूर्वी एकेका खेळासाठी तासन्‌तास खटपट करावी लागे. आता पुष्कळ खेळ एक कळ दाबताच सुरू होतात. २०२२ मध्ये बाजारात आलेले ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचे यंत्र याच बळावर उभे आहे. ही कामगिरी मोठी आहे, आणि प्रोटॉनची आज्ञावली खुली ठेवली हेही स्तुत्य आहे.

तरीही ‘सगळे सहज’ या म्हणण्यावर आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप यंत्रांविषयी. प्रोटॉनची ही सोय मुख्यतः वल्कनवर अवलंबून आहे. शाळांतून दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक वापरात असतात. त्यांपैकी अनेकांना वल्कन येत नाही, किंवा पुरेसे येत नाही. तेथे ही सोय निरुपयोगी ठरते.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. इंटरनेटवरून चुरशीने खेळल्या जाणाऱ्या अनेक खेळांत लबाडी पकडणारी एक पहारेकरी आज्ञावली असते. आपल्या उदाहरणात ती म्हणजे फळी स्वतः तपासणारा निरीक्षक. मध्ये उभा असलेला माणूस पाहिला, की तो स्वयंपाकच थांबवतो. २०२१ मध्ये ‘ईझी अँटी-चीट’ आणि ‘बॅटलआय’ या दोन प्रमुख पहारेकऱ्यांनी प्रोटॉनसाठी दार केले. मात्र ते उघडायचे की नाही, हे खेळाच्या निर्मात्यांवर सोपवले. ‘अ‍ॅपेक्स लेजंड्स’च्या निर्मात्यांनी ते २०२२ मध्ये उघडले आणि २०२४ मध्ये बंद केले. लिनक्सच्या खुलेपणामुळे लबाडी पकडणे कठीण जाते, असे कारण त्यांनी दिले. हे कारण अगदीच पोकळ नाही. ज्या कार्यप्रणालीचा गाभाही वापरणाऱ्याला बदलता येतो, तिच्या साक्षीवर इतरांनी किती विसंबावे? पण येथे तंत्रात काहीच बिघडले नव्हते. बिघडली ती परवानगी.

मग खास लिनक्ससाठी केलेले खेळ तरी टिकतात का? लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने १९९९ पासून नावाजलेले खेळ लिनक्सवर आणले. २००२ च्या प्रारंभी ती बंद पडली. तिचे खेळ आजच्या लिनक्सवर खटपटीवाचून चालत नाहीत, कारण त्यांना लागणारे जुने पूरक भाग आता सोबत येत नाहीत. याउलट १९९३ च्या ‘डूम’ची मूळ आज्ञावली १९९७ मध्ये खुली झाली. नव्या यंत्रांसाठी लोक ती पुन्हा पुन्हा तयार करत राहिले, आणि तो खेळ आज जवळजवळ कोठेही चालतो. म्हणजे खेळ कोणत्या कार्यप्रणालीसाठी लिहिला, यापेक्षा त्याची आज्ञावली कोणाच्या हाती आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

शाळेसाठी ही कसोटी उपयोगी आहे. २००० साली सुरू झालेला ‘जीकॉम्प्री’ हा खुला संच लिनक्सवर कोणत्याही मध्यस्थावाचून आणि साध्या संगणकावरही चालतो. त्यात जलचक्र, कालव्यातले दरवाजे, विजेची मंडले असे खेळ आहेत. दहा वर्षांपुढच्या मुलांना ते बाळबोध वाटतील, हे खरे. पण त्याच मुलांना यातल्या एखाद्या खेळाची आज्ञावली उघडून तिच्यात बदल करता येतो. स्टीमवरचे बहुतेक खेळ ही मुभा देत नाहीत.

तेव्हा ‘खेळ चालतील का?’ असे कोणी विचारले, तर शिक्षकांनी त्याला आणखी तीन प्रश्न जोडावेत : कोणत्या यंत्रावर? कोणाच्या परवानगीने? आणि उद्या बंद पडला, तर दुरुस्त कोण करणार? उत्तरे शोधण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच द्यावे.