पात्राची उमेदवारी

फँटसी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे चार-सहा जण टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि सूत्रधाराचे काम करणाऱ्या ‘गेम मास्टर’शी बोलत जी साहसकथा रचतात त्या खेळांत, पात्राची पहिली ओळख बहुधा त्याच्या ‘क्लास’ने होते. क्लास म्हणजे निव्वळ व्यवसाय नव्हे. पात्राला कोणती शस्त्रे पेलतात, कोणते मंत्र साधतात, किती घाव सोसवतात आणि ‘लेव्हल’ची एकेक पायरी चढताना त्याच्या पदरात काय पडते, हे सारे त्या एका शब्दाने ठरते. मात्र हा शब्द पात्राला मिळतो कसा, या प्रश्नाला बहुतेक खेळरचनाकारांनी बगल दिली आहे. मांत्रिकाची कित्येक वर्षांची गुरुसेवा पात्राच्या कागदावर एका शब्दात उरकली जाते आणि खेळ सुरू होतो तो ती संपल्यानंतर.

या सवयीचे मूळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्येच आहे. त्यात योद्धा, मांत्रिक आणि ‘क्लेरिक’ हा शस्त्रधारी धर्मोपदेशक असे तीनच क्लास होते, आणि पहिल्याच लेव्हलच्या योद्ध्याला ‘व्हेटरन’, म्हणजे मुरलेला शिपाई, अशी पदवी होती. त्याचे मुरणे कुठे आणि कसे झाले, याच्याशी खेळाला कर्तव्य नव्हते. गुण फाशांवर ठरत आणि खेळाडू त्यांना साजेसा क्लास निवडी. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने ‘पॅलाडिन’ हा व्रतस्थ योद्धा आणला आणि त्यासाठी ‘करिश्मा’ हा गुण किमान 17 असण्याची अट घातली. तीन फाशांवर 17 किंवा 18 पडण्याची शक्यता 216 पैकी 4, त्यामुळे हे व्रत घ्यावे लागण्याऐवजी नशिबाने लाभावे लागे. 1981 च्या ‘बेसिक’ आवृत्तीत तर एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग हे वंश हेच क्लास ठरले. जन्माने की कर्माने, हा वाद ज्या भाषेत शतकानुशतके चालत आला आहे तिच्या वाचकाला या व्यवस्थेचे नवल कमीच वाटेल.

उमेदवारीची दखल या परंपरेत कुठे असेल, तर ती वयाच्या तक्त्यात. याच खेळाच्या ‘अॅडव्हान्स्ड’ मालिकेच्या 1979 च्या मार्गदर्शक ग्रंथात मानवी योद्ध्याचे आरंभीचे वय पंधरा अधिक एक चौपैलू फासा, तर मांत्रिकाचे चोवीस अधिक दोन अष्टपैलू फासे असे दिले आहे. शिक्षणाची सगळी किंमत त्या बेरजेत दडलेली आहे. याच मालिकेतील 1978 चा ‘बार्ड’, म्हणजे गायक-चारण, हा मात्र दुर्मीळ अपवाद होता: त्या पात्राने आधी योद्धा म्हणून किमान पाचवी लेव्हल गाठायची, मग चोराचा क्लास पत्करून त्यातही तेवढीच मजल मारायची, आणि त्यानंतरच ‘ड्रुइड’ या निसर्गपूजक पुरोहितांकडे शिकायला राहायचे. नियम इतका किचकट की तो परिशिष्टात टाकला गेला. तरीही तो क्लास खेळाडूला खेळूनच मिळवावा लागे, आणि ही गोष्ट त्याच्या किचकटपणापेक्षा मोठी आहे.

2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने दारे सताड उघडली. दर लेव्हलला वाटेल तो नवा क्लास जोडण्याची मुभा मिळाली, आणि ‘प्रेस्टिज क्लास’ या नावाने काही विशेष क्लास अटी पूर्ण केल्यावर खुले होऊ लागले. त्यांपैकी मारेकऱ्याच्या क्लासला एक अट अशी होती की, केवळ त्या पंथात शिरण्यासाठी पात्राने कुणाचा तरी खून केलेला असावा. हा खून टेबलावर घडवावा लागे, त्यामुळे ती अट नुसती आकडेमोड राहिली नाही. बाकीच्या बहुतेक अटी मात्र कौशल्याच्या आकड्यांच्या होत्या, आणि खेळाडू त्या पहिल्या दिवसापासून हिशेब मांडून पुऱ्या करीत. याच आवृत्तीत आरंभापासून ‘विझर्ड’, म्हणजे मांत्रिक, असलेल्या मानवी पात्राच्या वयात दोन षट्‌पैलू फाशांइतकी वर्षे मिळवली जात, पण तलवार चालवत आलेला योद्धा पुढच्या लेव्हलला एका रात्रीत तीच विद्या हस्तगत करू शके. पुस्तकाला या विसंगतीची फारशी लाज वाटलेली दिसत नाही.

याच्या नेमकी उलट दृष्टी ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉपच्या 1986 च्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ची आहे. तेथे पात्र साहसी वीर नसून आधी कुणीतरी पोटार्थी असते: उंदीर मारणारा, भिकारी, नावाडी, आणि ते काय असेल हे फासे सांगतात. प्रत्येक ‘करिअर’मधून पुढे कोणत्या करिअरमध्ये जाता येते याची यादी असते, आणि नव्या धंद्यात शिरायचे तर त्याची अवजारे आधी मिळवावी लागतात. उंदीर मारणाऱ्याकडे त्याचा छोटा पण चावरा कुत्रा आरंभापासूनच असतो, आणि त्या कुत्र्यात पात्राचे जेवढे चरित्र आहे तेवढे पानभर लिहिलेल्या पूर्वकथेतही क्वचितच असते. 2018 च्या चौथ्या आवृत्तीत पहिल्या फाशाने दिलेले करिअर मुकाट्याने स्वीकारणाऱ्याला अनुभवाचे 50 गुण जादा मिळतात. नशीब सोसण्याचे असे रोख बक्षीस अन्य खेळांत सहसा आढळत नाही.

त्याहून कठोर प्रयोग गुडमन गेम्सच्या 2012 च्या ‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’मध्ये दिसतो. प्रत्येक खेळाडूला क्लास नसलेले तीन-चार गावकरी मिळतात, ते सगळे एका भुयारात लोटले जातात, आणि जे जिवंत परततात त्यांनाच क्लास लाभतो. या पद्धतीला ‘फनेल’, म्हणजे नरसाळे, म्हणतात. हातात नांगराचा फाळ घेऊन शिरलेला शेतकरी बाहेर येतो तेव्हा तो योद्धा का झाला, हे सांगण्यासाठी कुणाला पूर्वकथा लिहावी लागत नाही, कारण टेबलावरच्या सगळ्यांनी ते घडताना पाहिलेले असते. गावकरी धडाधड मरतात, तेव्हा करुणेची जागा विनोद घेतो, हा दोष मात्र मान्य करावा लागतो.

मुख्य प्रवाह या दिशेने गेलेला नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीने ‘सॉर्सरर’ला रक्तातून, ‘वॉरलॉक’ला एखाद्या गूढ शक्तीशी केलेल्या करारातून आणि विझर्डला अभ्यासातून जादू दिली, म्हणजे वारसा, सौदा आणि विद्या असा भेद तरी स्पष्ट केला, आणि करार कुणाशी झाला हे वॉरलॉकला पहिल्याच लेव्हलला ठरवावे लागे. 2024 च्या सुधारित ग्रंथाने सर्वच क्लासच्या उपशाखा तिसऱ्या लेव्हलवर नेल्या. नव्या खेळाडूला निवड सोपी जावी, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे वॉरलॉकला कराराची जादू पहिल्या लेव्हलला मिळते आणि करार करणारा धनी, म्हणजेच त्याची उपशाखा, नियमांत अवतरतो तो तिसऱ्या लेव्हलला. मधल्या दोन लेव्हल्समध्ये तो कुणाचे देणे फेडत असतो, याचे उत्तर नियम देत नाहीत, आणि त्या दोन लेव्हल्समध्येच एक उत्तम कथा दडलेली आहे हे एखाद्या चाणाक्ष गेम मास्टरलाच सुचावे लागते.