‘बेबल’ आणि तिच्या तळटीपा

पीएचडीला अर्ज करताय ना? मग आर. एफ. क्वांगची ‘बेबल’ (२०२२) वाचाच. १८३०च्या दशकातलं ऑक्सफर्ड; कँटनहून आणलेला रॉबिन तिथे भाषांतर शिकतो. चांदीच्या लगडीवर दोन भाषांतले समानार्थी शब्द कोरायचे. भाषांतरात जो अर्थ निसटतो, त्यातून जादू घडते. कल्पना भन्नाटच! (‘जिव्हाळा’ इंग्रजीत नेऊन बघा.)

मला खटकल्या त्या तळटीपा. व्युत्पत्तीच्या मस्त आहेत, पण साम्राज्याचा अन्याय प्रसंगातून कळलेला असताना टीप तो पुन्हा समजावत बसते. प्रोफेसर लव्हेल तर निव्वळ खलनायक. तरी रॉबिनला ग्रंथालय, मित्र, स्टायपेंड सगळं आवडतं आणि हा खर्च कोण, कशासाठी करतंय हे विचारायला तो कचरतो, ती पानं मी दोनदा वाचली. फेलोशिपचा पहिला हप्ता आला की तुम्हीही वाचा.